भिंतीवरून उतरवलेल्या टाइलला वाचलेली म्हणू नका

जुन्या जपानी आणि इंग्लिश टाइल्स जमवणाऱ्यांचा आपल्याकडे आता एक छोटा, पण वाढता वर्ग तयार झाला आहे. या वर्गाचा एक ठरलेला युक्तिवाद आहे. घर पडणारच होतं. मालकाला त्या टाइलशी देणंघेणं नव्हतं, बिल्डरला तर नव्हतंच. आम्ही नेली नसती तर डेब्रिजच्या ट्रकमधून ती कुठल्यातरी भरावात गेली असती. तेव्हा आम्ही ती वाचवली. विक्रेते हे म्हणतात, हौशी संग्राहक म्हणतात, टाइल चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगणारे इंटिरियर डिझायनरही म्हणतात. ऐकणारा लगेच मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. मला हा युक्तिवाद मान्य नाही. त्यात खरा भाग आहे आणि तो मी पुढे मान्य करणार आहे. पण आज ज्या व्यवहारासाठी तो ढालीसारखा पुढे केला जातो, त्यातल्या बहुतेक व्यवहाराला तो लागूच पडत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहायला हवं. १८४० साली रिचर्ड प्रॉसर या इंग्रजाने जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी पोलादी साच्यात दाबून बटणं करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनला त्या बटणात टाइल दिसली. ओल्या मातीची टाइल सुकताना आक्रसते, वाकते. भुकटी दाबून केलेली सपाट राहते, लवकर भट्टीत जाते, आणि साच्यात कोरलेली रेघ जशीच्या तशी तिच्यावर उठते. उठावाच्या रेघा आणि त्यांच्यामधले उथळ खळगे असा पृष्ठभाग तयार झाला की रंग भरणाऱ्या कामगाराचं काम सोपं होतं. तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, लोहाचा पिवळट तपकिरी हे रंग शेजारी शेजारी भरले तरी उठावाची रेघ त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. खळग्यात ग्लेझ जाड साचतं, रेघेवर पातळ होतं, आणि एकाच हिरव्यात गडद-फिक्या छटा आपोआप येतात. अशा उठावाच्या, रंगीत ग्लेझच्या (मॅजोलिका) टाइलवरचं पान ओलं वाटतं ते यामुळे. १८९५ ते १९१४ या काळात वळणदार देठांची, कमळं-ट्युलिप यांची आर्ट नूव्हो शैली या साच्यांत उतरली आणि सहा इंची चौकोनी टाइल घरोघर पोहोचली.

जपान्यांनी हे तंत्र १९०८ च्या सुमारास साधलं. आवाजी बेटावरची दांतो कंपनी आणि नागोयाची फुजिमी-याकी यांनी कोरडी भुकटी दाबून टाइल काढायला सुरुवात केली. पुढे नागोयातली साजी ही कंपनीही या धंद्यात आली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, युरोपातून येणारा माल अडला आणि आशियातली बाजारपेठ मोकळी झाली. तैवान, सिंगापूर, मलाया आणि हिंदुस्थान इथे जपानी टाइल पेट्या भरभरून उतरू लागली. सुरुवातीला इंग्लिश नमुन्यांची नक्कल होती हे खरं. पण लवकरच गिऱ्हाईक पाहून नमुने निघू लागले. हिंदुस्थानासाठी कृष्ण आला, लक्ष्मी आली, सरस्वती आली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यापासून देवांच्या रंगीत छापील चित्रांची सवय इथल्या घराघरांना लागलेली होती. ती सवय ओळखून आवाजीच्या नि नागोयाच्या साचेकाराने मुरलीधर कोरला. ज्यांनी तो कोरला त्यांनी गोकुळ ऐकलंही नसेल, आणि ज्यांनी तो देवघराच्या भिंतीत बसवला त्यांना आवाजी हे बेट आहे की गाव, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला या टाइल्सविषयी जी ओढ वाटते ती या गुंतागुंतीमुळे.

आता संग्राहकांचा पहिला पोटमुद्दा घेते. हा कारखान्याचा माल आहे, ते सांगतात. एकाच साच्यातून हजारो निघाल्या, एक उचलली तर काय बिघडलं? साच्यातून हजारो निघाल्या हे खरं आहे. पण भिंतीवर बसवताना त्यांची जी रचना झाली ती हजारदा झाली नाही. या टाइल्सचे कितीतरी नमुने चारांच्या जुळणीचे असतात. एका टाइलवर फुलाचा पाव भाग असतो, चार जोडल्या की फूल पुरं होतं, सोळा जोडल्या की वेल चालू लागते. वर किनारीची अरुंद पट्टी, खाली गडद रंगाची ओळ, मध्ये डॅडोची (भिंतीच्या खालच्या भागाची) मुख्य नक्षी, आणि क्वचित मधोमध देवाचं चित्र. हा क्रम कुणीतरी ठरवलेला असतो. पैसे पुरले नाहीत म्हणून अर्ध्या जिन्यानंतर स्वस्त पांढरी टाइल सुरू होते, एका ओळीत दुसऱ्याच कंपनीचा जवळपास जुळणारा हिरवा घुसवलेला असतो, दारापाशी टाइल कापून बसवताना गवंड्याने फुलाचा तोल सांभाळलेला असतो. हे सगळं भिंतीवर वाचता येतं. चौकटीत टांगलेल्या एकट्या टाइलवर फक्त पाव फूल उरतं.

या बाबतीत पणजीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे १९३५ चे निळे-पांढरे आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज चित्रित टाइल, आहेत, कामोइशच्या ‘लुसियाद’ या महाकाव्यातले प्रसंग दाखवणारे. पोर्तोच्या साओ बेंतो रेल्वे स्थानकातल्या सुमारे २०,००० आझुलेजोंचा भव्य पट याच कोलासोचा. पणजीच्या त्या भिंतीतून कुणी एक टाइल काढली, तिच्यावर गलबताच्या शिडाचा तुकडा आहे, आणि ती ‘वाचवली’ म्हणून विकायला ठेवली, तर आपण त्याला काय म्हणू? चोरच म्हणू. तिथे आपल्याला चित्र दिसतं म्हणून तोडफोडही दिसते. गिरगावातल्या जिन्यावरची चार-चार टाइलांची वेलसुद्धा रचनाच आहे. तिच्याखाली चित्रकाराची सही नाही, एवढाच फरक.

दुसरा पोटमुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो प्रामाणिक माणसंही मांडतात. टाइल संग्रहात आली म्हणजे इतिहास टिकला, असं त्यांना वाटतं. इतिहास कशाने टिकतो? मी विक्रेत्यांना नेहमी विचारत आले आहे, ही कुठल्या घरातली? उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं : जुनी आहे, ओरिजिनल आहे, मागे शिक्का बघा. शिक्का मीही बघते. मागच्या जाळीदार ठशात कंपनीचं चिन्ह असतं, ‘मेड इन जपान’ असतं. त्यावरून ती कुठे बनली ते कळतं. ती कुठे जगली ते कळत नाही. आणि ती कुठे बनली हे जपानला आपल्यापेक्षा नीट माहीत आहे. तोकोनामे इथे जागतिक टाइल संग्रहालय १९९७ पासून उभं आहे. आपल्याकडे जे सांगण्यासारखं होतं, आणि फक्त आपल्याचकडे होतं, ते म्हणजे या टाइल कुणी लावल्या. भाटिया व्यापाऱ्याने, पाठारे प्रभूंच्या वाड्याने, मंदिराच्या विश्वस्तांनी, की भाड्याच्या चाळीच्या मालकाने? कुठल्या गल्लीत कुठला नमुना जास्त, एकाच व्यापाऱ्याचा माल किती दूर गेला, स्वदेशीच्या ऐन भरात परदेशी टाइल देवघरात कशी चालली? या प्रश्नांचे कागद फारसे उरलेले नाहीत. भिंती हाच पुरावा होता. रस्त्याचं नाव, इमारतीचं नाव, मजला, बाजू यांतलं काहीही न लिहिता टाइल उतरवली की तो पुरावा गेला, आणि टाइल कितीही काळजीने मऊ कापडात गुंडाळली तरी तो परत येत नाही.

उतरवण्याच्या कामाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. चुन्यात बसवलेली टाइल धीराने काढली तर शाबूत निघू शकते. सिमेंटमध्ये बसवलेली सहजी सुटत नाही. छिन्नी लागली की कोपरा उडतो, ग्लेझवर भेग जाते, कधी टाइलचा पुढचा पापुद्राच सुटून येतो. मजुराला रोजंदारीत वेळ दिलेला नसतो. तेव्हा दुकानात मांडलेल्या प्रत्येक धडधाकट टाइलमागे फुटलेल्या काही टाइल्स त्याच भिंतीखाली पडलेल्या असतात. वाचवण्याचा हिशेब मांडणाऱ्याने त्या फुटक्याही हिशेबात धरल्या पाहिजेत. मी तरी तसा हिशेब कुणाकडून ऐकलेला नाही.

आणि मग बाजाराचा प्रश्न. घर पडणारच होतं, या वाक्यात असं गृहीत आहे की घर पडण्याचा आणि टाइलला भाव येण्याचा काही संबंध नाही. पडणाऱ्या घराबाबत ते बरोबर आहे. पण टाइल काय फक्त पडणाऱ्या घरांतून निघतात? मंदिराचा जीर्णोद्धार निघतो, गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीला व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट लावायचं ठरतं, आणि जुन्या टाइलला गिऱ्हाईक आहे असं कंत्राटदाराला माहीत असतं. सोसायटी जिन्याची दुरुस्ती काढते. वारसांपैकी एक जण परदेशात, एक पुण्यात, आणि किल्ली केअरटेकरकडे. अशा वेळी टाइलला बाजारात किंमत नसती तर ती जागच्या जागी राहिली असती, निदान तिच्यावर रंग मारला गेला असता आणि पन्नास वर्षांनी कुणी तो खरवडला असता. किंमत आहे म्हणून ती निघते. मागणी करणारा माणूस म्हणतो की मी फक्त बाजारात आलेली वस्तू घेतो. पण ती बाजारात येते ती त्याच्यासाठीच.

हे कुठे आणि कसं घडतं ते पाहायचं असेल तर तमिळनाडूत कारैकुडीला जावं. चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेश आणि मलायातल्या सावकारीच्या पैशातून बांधलेल्या हवेल्यांत इंग्लिश आणि जपानी टाइलांची भिंतभर रेलचेल होती, अजूनही काही ठिकाणी आहे. दुसऱ्या महायुद्धाने ब्रह्मदेशातला धंदा बुडाला, घरांना वारस वाढत गेले, सांभाळायला पैसा उरला नाही. त्या गावात मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथे हवेल्यांचे खांब, दारं, इनॅमलची भांडी, टाइल्स सगळं सुटं मिळतं. चेट्टिनाडची गावं २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. एकीकडे गावांना जागतिक वारसा म्हणायचं आणि दुसरीकडे त्याच गावांचे सुटे भाग मुंबई-बंगळूरच्या दिवाणखान्यांत पोहोचवायचे, या दोन गोष्टी फार काळ बरोबर चालत नाहीत. एकदा मालकाला कळलं की हवेली अखंड ठेवण्यापेक्षा तुकड्यांनी विकली तर जास्त पैसे येतात, की हवेलीचं भवितव्य ठरलं.

कायद्याकडेही संग्राहकांनी डोळे उघडून पाहावं. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात पुरावस्तूच्या व्याख्येत कलाकुसरीच्या वस्तूंबरोबर इमारतीपासून किंवा गुंफेपासून सुटी केलेली कोणतीही वस्तू येते, ती किमान शंभर वर्षांची असली म्हणजे झालं. १९१५ ची टाइल शंभरी ओलांडून गेली आहे. १९२० च्या दशकातल्या एकेक करून त्या रेषेपलीकडे जात आहेत. पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या ग्राहकाला कुरिअरने टाइल धाडणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलेलं असावं अशी माझी अपेक्षा आहे. ‘जुनी आहे, ओरिजिनल आहे’ ही विक्रेत्याची जाहिरात जितकी खरी, तितका हा कायदा त्याला जास्त लागू होतो.

आता तिसरा पोटमुद्दा, ज्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. मुळात या टाइल आपल्या नाहीतच, आयात केलेल्या आहेत, मग त्यांच्याबद्दल एवढा गळा काढायचं काय कारण? पोर्तुगालकडे पाहा. तिथे टाइल ही देशाची ओळख मानतात. पण पंधराशेच्या सुमारास राजा मानुएलने सिंत्राच्या राजवाड्याला ज्या टाइल लावल्या त्या स्पेनमधून आणलेल्या होत्या. सतराव्या शतकात निळ्या-पांढऱ्या डच टाइलांनी पोर्तुगीज श्रीमंतांची घरं भरली. वस्तू कुठे भाजली यावरून ती कुणाची ते ठरत नाही. कुणी तिला कसं वागवलं, कुठल्या भिंतीवर किती पिढ्यांनी तिच्याकडे पाहिलं, यावरून ठरतं. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जमिनीवरच्या मिंटन टाइल आपण अभिमानाने दाखवतो. त्या संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला तेव्हा कुणी म्हटलं नाही की जमीन इंग्लंडची आहे, ती काढून टाका. भुलेश्वरच्या चाळीतल्या मुरलीधराला मग वेगळा न्याय का?

याच पोर्तुगालने टाइलचोरीचा प्रश्न कसा हाताळला तेही संग्राहकांच्या युक्तिवादाला उत्तर देतं. लिस्बनच्या फेरा दा लाद्रा या जुन्या बाजारात पर्यटक आठवण म्हणून सुट्या टाइल घेत आणि त्यासाठी रात्रीतून दर्शनी भिंती सोलल्या जात. २००७ मध्ये तिथल्या न्यायिक पोलिसांच्या संग्रहालयाने ‘एसओएस आझुलेजो’ नावाचा प्रकल्प सुरू केला. चोरीला गेलेल्या टाइलांचे फोटो लोकांसमोर ठेवले, ग्राहकांना विचारायला शिकवलं की ही कुठून आली. लिस्बन महापालिकेने २०१३ मध्ये टाइल लावलेल्या दर्शनी भिंती पाडण्यावर बंधन आणलं, २०१७ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. नोंदल्या गेलेल्या चोऱ्या ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचं प्रकल्पाचे लोक सांगतात. संग्राहकांचा युक्तिवाद खरा असता तर असं व्हायला नको होतं. विकत घेणारा बदलला की भिंती टिकतात.

आता जो खरा भाग मी मान्य करणार म्हटलं होतं, तो. मुंबईत दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या (उपकरप्राप्त) जुन्या इमारतींच्या वर्गवारीत १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात. म्हणजे या टाइलांचा जवळपास सगळा काळ त्या एका वर्गात आहे, आणि पुनर्विकासात पहिल्यांदा हात पडतो तोही त्याच इमारतींवर. त्यांतल्या कितीतरी खरोखर राहण्याजोग्या उरलेल्या नाहीत. गळक्या छताखाली, टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज चढणाऱ्या म्हाताऱ्या भाडेकरूला मी टाइलसाठी तिथेच राहा असं सांगणार नाही. तिला नवं घर मिळालं पाहिजे. १९९५ ची वारसा नियमावली यादीतल्या इमारतींसाठी आहे. यादीबाहेरच्या चाळीतल्या जिन्याला ती हात देत नाही. अशी इमारत पाडायचं नक्की झालं, रहिवासी बाहेर पडले, आणि तारीख ठरली, तर टाइल उतरवलीच पाहिजे. तिथे उतरवणारा माणूस खरंच वाचवतो. त्याच्याशी माझं भांडण नाही.

पण टाइल कशी उतरवावी याचा नमुना तैवानने दिला आहे. जपानी राजवटीत तिथल्या घरांच्या छपरांच्या कण्यांवर आणि दर्शनी भिंतींवर याच कंपन्यांच्या टाइल लागल्या होत्या. च्यायी शहरात २०१६ मध्ये एका जुन्या लाकूडव्यापाराच्या इमारतीत टाइल संग्रहालय उघडलं. श्यू च्या-पिन आणि त्यांच्या सोबत्यांनी पाडल्या जाणाऱ्या घरांतून वर्षानुवर्षं टाइल सोडवल्या, मागचं सिमेंट चिकाटीने काढून त्या स्वच्छ केल्या, घरांच्या आठवणींसकट लोकांसमोर मांडल्या. तेही संग्राहकच आहेत. त्यांनी तुकडे सुटे करून बाजारात पसरले नाहीत, ते एका जागी आणले.

पोर्तो शहराने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथे महापालिकेची साहित्यपेढी आहे. पाडलेल्या किंवा बदललेल्या घरांच्या टाइल, गच्चीचं लोखंड, छताची नक्षी तिथे जमा होते, आणि शहरातल्या ज्या घरमालकाला आपल्या भिंतीतली गेलेली टाइल भरून काढायची असेल त्याला त्या नमुन्याची टाइल तिथून विनामूल्य मिळते. टाइल भिंतीवरून उतरते आणि पुन्हा भिंतीवरच जाते.

म्हणून इथल्या संग्राहकांकडे माझं मागणं साधं आहे आणि त्यात सवलत द्यायची माझी तयारी नाही. उतरवण्याआधी पूर्ण भिंतीचे फोटो काढा, जिना असेल तर प्रत्येक मजल्याचे. टाइलच्या मागे पेन्सिलने ओळ आणि क्रमांक लिहा. इमारतीचं नाव, रस्ता, तारीख, पाडण्याचा आदेश यांची नोंद टाइलबरोबर ठेवा आणि पुढे विकलीत तर नोंदही द्या. जुळणी फोडून चारांतली एक विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. घराचं नाव न सांगणाऱ्या विक्रेत्याला पैसे देऊ नका, टाइल कितीही सुंदर असली तरी. आणि नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात निदान एक पूर्ण पट्टा त्याच रहिवाशांसाठी बसवायला सोसायटीला आणि विकासकाला भाग पाडा. खर्च कार पार्किंगच्या एका जागेपेक्षाही कमी येईल.

उरला प्रश्न महापालिकेचा. पाडकामाची परवानगी देताना मुंबई महापालिका डेब्रिज कुठे जाणार हे विचारते. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालता येईल : इमारतीत १९४० पूर्वीच्या टाइल आहेत का, असल्यास फोटो जोडा. आणि शहरात कुठेतरी एक कोरडं, कुलूपबंद गोदाम, एक नोंदवही, आणि ती सांभाळायला दोन शिकलेली माणसं. ज्यांचा दावा आहे की आम्ही या टाइल प्रेमापोटी वाचवतो, त्यांनी या गोदामासाठी आपल्या संग्रहातल्या पहिल्या शंभर टाइल द्याव्यात, घरांच्या पत्त्यांसकट.